दोन नंबरांचं पिस्तूल

आळंदच्या शिवशंकरप्पा गिरदावरांनी पिस्तूल विकत घेतलं ते कुणाचा जीव घ्यायला नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढच्या सहा महिन्यांत भेटलेल्या प्रत्येक माणसानं त्यांना "मारायचंय कुणाला?" असंच विचारलं, आणि दर वेळी त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

गिरदावर हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा. निजामाच्या महसूल खात्यात पटवाऱ्यांची दप्तरं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला, पाठोपाठ यांचं पेन्शन सुरू झालं. हुद्दा तेवढा नावाला चिकटून राहिला. शौक म्हणाल तर जुन्या वस्तूंचा. घरात छत्तीस कुलपं, एकोणीस अडकित्ते आणि एक बिदरी हुक्का. हुक्का ओढणारं घरात कुणी नाही, कुलपं लावावीत असं घरात काही नाही. पण गिरदावर रोज सकाळी भिंग घेऊन त्या वस्तूंपुढं बसत, आणि पत्नी रुद्रम्मा रोज सकाळी त्यांच्याभोवतीनं केर काढी.

हे सगळं सुखानं चाललं असतं. पण समोरच्या आडतवाल्या सिद्धलिंगप्पानं गुलबर्ग्याहून एक पेंढा भरलेला बिबट्या आणला. जहागिरी गेल्या, तशा जहागीरदारांनी देवड्यांतल्या, म्हणजे आपल्या वाड्यांतल्या, चिजा विकायला काढल्या होत्या, त्यातला हा. त्याचा एक डोळा काचेचा होता आणि दुसऱ्याच्या जागी कुणीतरी खेळायची गोटी बसवली होती. तरी सगळं आळंद तो बघायला लोटलं. गिरदावरही गेले, सभ्यपणा म्हणून गेले, आणि तिथं चारचौघांत सिद्धलिंगप्पा म्हणाला, "अण्णा, बघण्यासारखी वस्तू ही अशी असतीया. तुमच्याकडं काय, समदं भंगारच की!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं गिरदावर गुलबर्ग्याला गेले.

तिथल्या जहागीरदाराच्या देवडीत मुनशीनं सतरंजीवर विकायचा माल मांडला होता. गिरदावरांनी झुंबरं बघितली नाहीत, पानदानं बघितली नाहीत. कोपऱ्यात मखमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पिस्तूल तेवढं उचललं आणि खिडकीशी नेलं. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं, ठासणीचं. याला काडतूस लागत नाही. मधे पाच कोठ्यांची गोल चकरी, प्रत्येक कोठीत दारू आणि गोळी ठासायची, मागं तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार उडतो आणि चकरी एक घर पुढं सरकते.

वस्तू पारखण्याच्या बाबतीत गिरदावरांचे नियम कडक होते. पहिला नियम, जुनी वस्तू चमकता कामा नये. चमकली की समजावं, कुणीतरी तिला घासून तिचं वय पुसलंय. हे पिस्तूल चमकत नव्हतं. पावसाळ्याआधीच्या आभाळासारखा त्याला काळसर निळा रंग होता. दुसरा नियम झिजेचा. खोटी झीज सगळीकडं सारखी असते, खरी झीज हाताच्या सवयीनं होते. मुठीवरची चौकड्यांची नक्षी फक्त तळव्याखाली गुळगुळीत झाली होती. बोटांच्या फटींत ती जशीच्या तशी होती. नळी उजेडाकडं धरून त्यांनी डोळा लावला तेव्हा आतल्या पिळाच्या रेषा शेवटपर्यंत स्वच्छ दिसल्या. नळीवर विलायती अक्षरं होती, अर्धी पुसलेली. घोडा ओढून बघितला तेव्हा मुनशी खांबाआड गेला.

तासाभरानं त्यांनी साठ रुपये मोजले. कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, कारण निजामाच्या हाली नाण्याला मुनशी हात लावेना. चौकीत नोंद झाली, महिन्याच्या आत परवाना काढा असं तिथल्या अमिनानं, म्हणजे फौजदारानं, बजावलं, आणि गिरदावर छाती पुढं काढून सिकलीगरांच्या गल्लीत शिरले.

तिथं दस्तगीर उस्तादचं दुकान. वय पंचाहत्तर. एके काळी त्याच्या घराण्यानं तलवारी-बंदुका दुरुस्त केल्या, आता तो शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावी. गिरदावरांची कुलपं तोच उघडून द्यायचा. गिरदावर त्याच्याकडं मत विचारायला गेले नव्हते, शाबासकी घ्यायला गेले होते.

दस्तगीरनं कात्री खाली ठेवली. पिस्तूल दोन्ही हातांत घेतलं, नळीचा वास घेतला, चकरी कानाशी धरून एकेक घर फिरवली. मग बराच वेळ नुसताच तिच्याकडं बघत बसला.

"नली असल विलायती, गिरदावरसाब. घोडा विलायती. मूठ बी विलायती." त्यानं मधल्या चकरीवर नख टेकवलं. "चकरी अलग है."

"अलग म्हंजे?"

"अलग बोले तो अलग. नंबर देखो."

गिरदावरांनी भिंग लावलं. नळीवर चार हजार एकशे सत्तावीस. चकरीवर चार हजार सातशे एकवीस.

त्यांच्या कानशिलात कढ आला. तीस वर्षं! तीस वर्षं त्यांनी पटवाऱ्यांच्या खात्यांत खाडाखोड केलेले आकडे पकडले. एकाचा सात केला तर त्यांना तो कागदाच्या वासावरनं कळे. आणि आज त्यांनाच कुणीतरी एक आणि सात यांची अदलाबदल करून लुबाडलं! "फसवणूक हाय ही," ते ओरडले. "बनावट, भेसळ! पिस्तुलात परकी चकरी घालणाऱ्याचे हात तोडले पायजेत!"

दस्तगीरनं पिस्तूल फडक्यात नीट गुंडाळून परत दिलं आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, "नक्को है तो मेरेकू देव."

"नगं कामून आसंल? माझंच हाय," गिरदावर म्हणाले, आणि तरातरा देवडीकडं गेले. मुनशीनं शांतपणे ऐकून घेतलं. जहागीरदारांच्या तीन पिढ्यांनी हे पिस्तूल बाळगलं, पण त्याचे नंबर वाचणारा इसम त्याला आजच भेटला, असं तो म्हणाला, आणि हा अपमान आहे की कौतुक, हे गिरदावरांना मोटारीत बसेपर्यंत कळलं नाही.

घरी रुद्रम्मानं फडकं उलगडून बघितलं.

"अवो, हे काय आणलाव?"

"ऐतिहासिक वस्तू हाय."

"हिच्यानं माणूस मरतंय का?"

"आता न्हाई मरत."

"मग आदी मेलंय का?"

रुद्रम्मानं निकाल दिला की जिनं कुणाचा जीव घेतला असेल-नसेल अशी वस्तू लिंगपूजेच्या घरात यायची नाही. तिनं ती उचलून कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत उभी करून ठेवली. मीठ मुरलेल्या बरणीत लोखंड, गंज चढायला! संध्याकाळी हे लक्षात आल्यावर गिरदावरांनी जो आवाज काढला त्यानं गल्लीतली माणसं जमा झाली, आणि जमलीच आहेत तर सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे एरंडेल लावा, कुणी म्हणे खोबरेल. सिद्धलिंगप्पानं करडईचं तेल सांगितलं, कारण ते त्याच्याच आडतीत मिळे.

"चालतंय का पण, अण्णा?" त्यानं विचारलं.

"ते चालवायचं न्हाई. बघायचं हाय."

"बघायचं आसलं तरी चालाया पायजे की. न्हाईतर त्याला पिस्तूल कामून म्हणायचं?"

"तुमचा बिबट्या चालतोय का?"

सिद्धलिंगप्पा गप्प झाला. त्या सहा महिन्यांत गिरदावरांना मिळालेला हा एकमेव विजय, म्हणून इथं नमूद केला.

परवान्यासाठी गुलबर्ग्याच्या कचेरीत जावं लागे. तिथं सोमशेखर नावाचा कारकून होता. तरणा, अदबशीर, आणि अडवण्यात इतका हुशार की गिरदावरांना आपलेच जुने दिवस आठवले. स्वतः टेबलाच्या अलीकडं उभं राहण्याची वेळ मात्र त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि अलीकडून ते टेबल भलतंच उंच दिसत होतं.

"कारण काय लिवू, साहेब?" सोमशेखरनं विचारलं. "स्वसंरक्षण, पीकसंरक्षण का शिकार?"

"बघण्यासाठी."

"बघण्यासाठी परवाना न्हाई, साहेब. मारण्यासाठी हाय."

"आरे पण मला मारायचं न्हाई कुणाला!"

"मग परवाना कशाला पायजे?"

"पिस्तूल हाय म्हणून!"

"पिस्तूल कशाला घेतलाव?"

इथं गिरदावरांनी टेबलावर हात आपटला आणि शाईची दौत कलंडली. तिचा बंदोबस्त होईस्तोवर दोघंही थोडे नरमले. स्वसंरक्षण लिहायचं तर दुश्मनाचं नाव द्यावं लागे. गिरदावरांच्या डोळ्यांपुढं एक नाव आलं होतं, पण ते समोरच राहात असल्यानं अवघड झालं असतं. शिकार हा शब्द लिंगायत शिवशरणांच्या घरात उच्चारणंही शक्य नव्हतं. उरलं पीकसंरक्षण. आळंदच्या शिवारात त्यांचं आठ एकर रान होतं, पिराप्पा नावाचा कष्टाळू माणूस ते बटईनं करी. तूर होती. सोमशेखरनं लिहिलं, "तुरीचे रक्षण."

मग नंबर आले.

"साहेब, हे तर दोन नंबर हायत. दोन नंबर म्हंजे दोन हत्यारं."

"पिस्तूल एक हाय. बघ की डोळ्यांनी."

"डोळ्यांनी एकच दिसायलंय. पण कागदावर दोन हायत."

गिरदावरांना राग अनावर झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे, तो पोरगा नियमाप्रमाणं बरोबर बोलत होता हे त्यांना कळत होतं. चार खेपांनंतर तोडगा निघाला. परवाना नळीच्या नंबरानं, तात्पुरता, चकरीपुढं शेरा, "तपास बाकी." घरी येऊन त्यांनी तो कागद पेटीत ठेवला, पिस्तूलही पेटीत ठेवलं आणि आता हा विषय संपला असं रुद्रम्माला सांगितलं.

पुसाच्या महिन्यात पिराप्पा दारात आला. डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरलेलं, म्हणजे काहीतरी मागणं होतं.

"अप्पा, सरकारनं तुमाला डुकरं मारायला पिस्तूल दिलंय म्हनं."

"कोण म्हणायलंय?"

"समदेच म्हनायलेत. कागदावर बी हाय म्हनं, तुरीचं रक्षण. तर कवा येतावं?"

गिरदावरांनी त्याला संग्राह्य वस्तू म्हणजे काय हे अर्धा तास समजावून सांगितलं. पिराप्पानं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "ते खरं हाय, अप्पा. पर शेंगा भरल्यात अन् अकरा डुकरं येत्यात रोज. तुमच्या तुरीत बी येत्यात, निस्त्या माझ्याच वाट्यात न्हाई." मग त्यानं शेजारच्या पाच-सात शेतकऱ्यांचे अंगठे घेऊन तहसिलीत अर्ज दिला. आठवड्यात हुकूम आला. परवानाधारकानं पंधरा दिवसांत पीकसंरक्षणाचं कर्तव्य बजावावं. अन्यथा परवाना रद्द, हत्यार सरकारजमा.

"हे बघा," रुद्रम्मा म्हणाली, "मुंगी मारली न्हाई आपल्या घरात कुणी. डुकराला गोळी लागली त्या दिवशी मी माहेरी." तिचं माहेर औरादकडं संतपूरला, तिथून तिला परत आणायला दोन मोटारी आणि एक बैलगाडी करावी लागे, आणि तिच्या भावापुढं मान खाली घालावी लागे.

म्हणजे मारावं तर बायको जाते, न मारावं तर पिस्तूल जातं. गिरदावरांनी दोन दिवस जेवताना बोलणंच टाकलं. तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं की गोळी घालायचीच कशाला? नुसती दारू भरून आवाज काढला तर डुकरं पळतील. रक्षण म्हणजे रक्षण. हुकमात रक्त सांडा असं कुठं लिहिलंय? त्यांनी हुकूम भिंगाखाली धरून दोनदा वाचला. नव्हतं लिहिलेलं.

दारू भरणार कोण? निरोप धाडल्यावर दस्तगीर उस्ताद दुसऱ्याच दिवशी मोटारीनं आला. काखेत लाकडी डबी, डबीत कापसात ठेवलेल्या जुन्या तांब्याच्या टोप्या. इतक्या तातडीनं हा म्हातारा का आला, याचं गिरदावरांना नवल वाटलं, पण विचारायची त्यांची वेळ नव्हती.

ऊन उतरल्यावर सगळे रानात गेले. पिराप्पा राखणीच्या माळ्यावर चढला. सिद्धलिंगप्पाला कुणी बोलावलं नव्हतं. तो नवं धोतर नेसून आला होता आणि वारा कुठून वाहतोय हे सांगत होता. दस्तगीरनं एका कोठीत दारू भरली आणि म्हणाला, "बस. एक बार बहोत है."

"पाची भरा," गिरदावर म्हणाले.

"साब, पुराना माल है. एक से एक सुलगती कबी कबी."

"अकरा डुकरं अन् एक बार? काम करायचं तर पुरं करायचं. भरा!"

दस्तगीरनं भरल्या. जरा वेळानं तुरीचे शेंडे हलायला लागले, मग काळी पाठ दिसली, मग दुसरी. गिरदावरांनी पिस्तूल आभाळाकडं धरलं, डोळे मिटले, बसवण्णांचं नाव घेतलं आणि चाप ओढला.

एक बार व्हायला हवा होता. पहिल्या कोठीची ठिणगी शेजारच्या कोठीत गेली, तिची तिच्या शेजारच्या, आणि पाचही बार एकदम उडाले. आवाज आळंदच्या वेशीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. धूर निवळला तेव्हा गिरदावर तुरीत उताणे पडले होते. मिशीची डावी बाजू जाग्यावर होती. उजवी नव्हती.

अकराच्या अकरा डुकरं उधळली. ती नेमकी जिकडं वारा वाहतोय असं सिद्धलिंगप्पा सांगत होता तिकडं उधळली, आणि तिकडंच तो उभा होता. पन्नाशीतला, चांगला भरलेला माणूस, पण पिराप्पाच्या शेजारी माळ्यावर पोचायला त्याला निमिष लागलं नाही. धोतर मात्र बाभळीवर राहिलं.

"उस्ताद," गिरदावर पडल्या पडल्या कण्हत म्हणाले, "बघा की मला, काय काय गेलं."

उस्ताद त्यांच्याकडं बघतच नव्हता. त्यानं त्यांच्या मुठीतून पिस्तूल सोडवलं, चकरी काढली, बाहीनं काजळी पुसली, उजेडाकडं धरून प्रत्येक कोठीच्या भिंतीवरून अंगठा फिरवला. मग तो सरीतच खाली बसला. त्याच्या पांढऱ्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

"फटी नहीं," तो म्हणाला. "पाँचों एकदम गए, साब. फिर बी फटी नहीं."

"कोण फाटली न्हाई?"

"अब्बा की चकरी."

आणि मग त्यानं सांगितलं. विलायती चकरी थोरल्या जहागीरदारांच्या हातातच फुटली होती. त्यांनी उस्तादच्या वडिलांना, महबूब सिकलीगरला, बोलावून फर्मावलं की दुसरी करायची आणि अशी करायची की मेजवानीला येणाऱ्या गोऱ्या साहेबांनाही फरक कळू नये. महबूबनं आठ महिने कानशीनं घासून एका लोखंडाच्या गोळ्यातून ही चकरी काढली. शेवटी नंबर कोरायचा राहिला. इंग्रजी आकडा त्याला वाचता येत नव्हता. चित्र काढावं तसा त्यानं तो उतरवला, आणि एक आणि सात यांच्या जागा बदलल्या.

गिरदावर उठून बसले. "मग त्या दिवशीच कामून सांगितला न्हाईस?"

"कैसा बोलता? चकरी अलग है बोलतेच तुम्ही बोले, हात तोडो उसके." दस्तगीरनं डोळे पुसले. "बाप था मेरा."

गिरदावरांचा चेहरा आधीच काळा झाला होता, म्हणून त्यावर काय उमटलं ते पिराप्पाला दिसलं नाही. पण घराकडं येताना त्यांनी उस्तादची डबी स्वतःच्या हातात घेतली होती, हे त्यानं बघितलं.

उरलेली मिशी उतरवावी लागली. मग मोटारीत तीन जणांनी "घरात कोण गेलं?" म्हणून विचारलं आणि एका बाईनं त्यांना बसायला जागा दिली. ते गुलबर्ग्याला चालले होते, कारण चौकीतून अहवाल गेला होता. एका परवान्यावर एकाच वेळी पाच बार. पिस्तूल घेऊन हजर व्हा. दस्तगीरही कचेरीत आला आणि ओसरीवरच्या बाकावर बसला.

सोमशेखरनं बिनमिशीच्या गिरदावरांकडं बघून आदरानं नजर खाली वळवली. त्यानं खरं तर त्यांच्यासाठी वाट काढून ठेवली होती.

"साहेब, डुकरं पळाली, हुकूम तामील झाला. राहिला नंबराचा तपास. तुमी बनावटीच्या रकान्यात एवढंच लिवा, विलायती, नंबरात कारखान्याची चूक. मी आत्ता शिक्का मारतो, पक्का परवाना घ्या अन् जावा."

"चकरी विलायती न्हाई. गुलबर्ग्याची हाय. महबूब सिकलीगरानं केलेली."

सोमशेखरनं टाक खाली ठेवला. "साहेब, हळू बोला. देशी म्हणलं की बेकायदा कारखाना. कुणी केली, कुठं केली, कुणाच्या परवानगीनं केली, समदी चौकशी लागतीया. करणाऱ्याला नोटीस जाती."

"तो मरून तीस वर्सं झाली."

"मग नोटीस परत येती. ती परत येईस्तवर पिस्तूल मालखान्यात. वरीस लागंल, दोन लागतील. न्हाई बी मिळायचं. एक शब्द हाय, साहेब. विलायती."

गिरदावरांनी टाक उचलला. पिस्तूल टेबलावर पडलं होतं, तसंच काळसर निळं. एक शब्द. मिशी गेली होती, अब्रू गेली होती, बायको अजून धड बोलत नव्हती. निदान वस्तू घरी गेली असती. पण त्यांच्या डोळ्यांपुढं आठ महिने कानस घासणारा एक माणूस येत होता, आणि हळूहळू त्यांच्या अंगात संताप चढला. या खेपेला तो स्वतःसाठी नव्हता. ज्या चकरीनं पाच बार एकदम सोसले, ती म्हणे चूक! आणि विलायती मात्र जहागीरदाराच्या हातात फुटली, तिच्या कारखान्याचं नाव नळीवर!

बनावटीच्या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "नळी विलायती. चकरी महबूब सिकलीगर, गुलबर्गा." खाली सही ठोकली. पिस्तूल मालखान्यात गेलं. पावती घेऊन ते बाहेर आले.

"क्या लिखे?" दस्तगीरनं विचारलं.

"खरं तेच लिवलं. तुझ्या वडलांचं नाव."

कौतुकाची, निदान आभाराची त्यांची अपेक्षा होती. दस्तगीर बाकावरून ताडकन उठला.

"कायकू? कायकू लिखे? अब्बा आठ महिने मेहनत करे किसीकू नक्को समजना बोलके! गोरे साब लोगां के आँख में धूल डाले! अस्सी साल कोई पकड्या नहीं, अन् तुम्ही सीधा कचेरी में जाके बोल दिए?"

"आरे, मी त्यांचा मान राखला!"

"मान? चोरी पकडाए तुम्ही!"

दोघं मोटारीच्या अड्ड्यापर्यंत एकमेकांशी न बोलता चालत गेले. एकानं रस्त्याची डावी बाजू धरली, दुसऱ्यानं उजवी.

चौकशी आठ महिने चालली. महबूबच्या नावाची नोटीस निघाली, गल्लीत फिरली आणि "इसम मयत" असा शेरा घेऊन परत आली. मग दुसरी निघाली, ती पहिलीचं उत्तर का आलं नाही हे विचारायला. तेवढ्यात गिरदावरांना नवी मिशी आली, पिराप्पाच्या रानात डुकरं परत फिरकली नाहीत, आणि ती जिकडं पळाली तिकडच्या दोन वाड्यांतून माणसं नारळ घेऊन आली की अप्पांनी आमच्याही तुरीत एकदा पडावं. रुद्रम्मानं नारळ ठेवून घेतले आणि माणसांना परत पाठवलं. शेवटी एका सोमवारी कचेरीचं बोलावणं आलं. पिस्तूल मिळालं. पक्का परवाना मिळाला, टंकलिखित, शिक्क्यासह.

गिरदावर तडक सिकलीगरांच्या गल्लीत गेले. दस्तगीरनं वर बघितलं आणि कात्री घासतच राहिला. गिरदावर न विचारता पायरीवर बसले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. परवानाधारकाचं नाव, गाव, हत्याराचा प्रकार. आवाज ऐकून शेजारचा कासार बाहेर आला, समोरचा अत्तरवाला आला. दस्तगीरची कात्री थांबली.

"चकरीची बनावट," गिरदावरांनी वाचलं, "मेहमूद सिकलीगर, गुलबर्गा."



"कौन मेहमूद?" दस्तगीरनं हळूच विचारलं.

गिरदावरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. भिंग काढलं. अक्षरं काही बदलेनात.

"मेहमूद कौन?" दस्तगीर उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. "आठ महिने मेरा बाप घिस्या, अन् नाम मेहमूद का? ये क्या अंधेर है, साब? बाप का नाम महबूब है मेरे, महबूब! सरकारी कागद पे कोई मेहमूद कैसा आया?"

गिरदावरांनी कागदाची घडी घातली. वर बघितलं तर दस्तगीरनं कात्री टाकून दिली होती आणि खुंटीवरची शेरवानी अंगात चढवायला सुरुवात केली होती. एक बाही सापडत नव्हती. गिरदावरांनी ती धरून दिली, स्वतःचा रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि दोघं म्हातारे भर उन्हात, रस्त्याच्या एकाच बाजूनं, कचेरीकडं निघाले.